तुषाररावांचं इंद्रधनुष्य

पाटाने पाणी देण्याचे दिवस नुकतेच सरले होते, तेव्हाची गोष्ट. उन्हाळी भुईमुगाच्या शेतात तुषारराव नावाचं फिरतं कारंजं आलं. दुपारी वारा सुटला की ते जोरात फिरायचं. उन्हात इंद्रधनुष्य उमटायचं आणि रस्त्यावरची माणसं थांबून बघायची.

विहीर म्हणाली, "तुषारराव, अर्धं पाणी ऊन पितं, उरलेलं वारा बांधापलीकडे पळवतो. पहाटे फिरा की!"

"पहाटे मला बघणार कोण?"

"अहो, आमची मुळं कोरडी आहेत," भुईमूग कळवळला.

"मग मान वर कर आणि इंद्रधनुष्य बघ!"

वैशाखात विहीर आटली. भुईमूग उपटला, तर शेंगा पोचट निघाल्या. बांधापलीकडचं गाजरगवत मात्र कमरेएवढं वाढलं होतं. ते अदबीने लवून म्हणालं, "तुषारराव, पुढच्या वर्षीही नक्की या हं!"