खारीचा दम

एका श्रावणात मी नेम धरला होता, जपाची माळ पुरी होईपर्यंत फोन वाजला तरी बोलायचं नाही. तेव्हा सुचलेली ही गोष्ट.

एका रानात कबड्डीचा सामना होता. जिंकेल त्याला मोसमभर जांभळाचं झाड मिळणार होतं. तिथे मोबाइल नव्हते, पण पोपट होते. कोण काय म्हणालं, ते लगेच खेळाडूंच्या कानावर घालायचे.

खार चढाईला गेली. पोपट ओरडला, "माकडं म्हणतात, हिचं शेपूटच जड!"

"आधी स्वतःचं बघा!" खार फणकारली. तेवढ्यात दम तुटला आणि ती बाद झाली.

"उत्तर झकास दिलंस, खारूताई," कप्तान कासव म्हणालं, "पण गुण त्यांना मिळाला."

पुढे कासवाने एक गडी टिपला, तशी खार परत आत आली. बरोबरी झाली आणि शेवटची चढाई तिच्यावर आली.

"खारूताई, तुला पळपुटी म्हणतात!"

ती आपली "कबड्डी, कबड्डी" म्हणत राहिली.

"अस्वलदादा, तुमचं पोट सुटलंय म्हणे!"

तिला धरायला टपलेलं अस्वल वर बघून गरजलं, "कोण म्हणतंय?"

खारीने त्याच पोटाला हात लावला आणि टुणकन परतली. जांभळं तिच्या संघाची झाली.

बाळांनो, तुम्हीही खेळ संपेपर्यंत फोनला उत्तर देऊ नका. पोपट काय, उद्याही बोलतील.