तानूबाईचे डबे

धरणासाठी गाव उठवणाऱ्यांनी सगळ्याची सोय लावली. देव वर नेले, शाळा वर नेली, पाराचा पिंपळ नेता येईना तर त्याची फांदी नेऊन लावली. सासरी गेलेल्या लेकींना मात्र कुणी कळवलं नाही की, बायांनो, तुमचं माहेर आता तिथे नाही. एकाच्याही डोक्यात आलं नाही. लेकींची मोजदाद माहेरात होते कुठे?

सावरघळच्या तलावाकाठी आता निसर्गवाट आहे. सुट्टीच्या दिवशी शहरातली मुलं येतात आणि फोनवरच्या खुणा बघत झाडांच्या ढोलीत, दगडांच्या कपारीत लपवलेले डबे शोधतात. जिओकॅशिंग म्हणतात या खेळाला. तो जगभर खेळतात, पण इथे दोन नियम जादा आहेत. डब्यात तांदूळ ठेवायचे नाहीत. आणि डबा सापडला की तिथूनच माघारी फिरायचं नाही. वर नव्या सावरघळीत जाऊन पहिल्या घरी पाणी प्यायचं, मगच परतायचं. हे नियम तानूबाईने घातले, असं सांगतात.

तानूबाईची लेक सगुणा घाटाखाली दिलेली. जावई मिठागरावर कामाला, आज या खाडीवर तर उद्या त्या. निरोप धाडायचा तरी कुठे? गाव वर गेलं, पाणी चढलं, आणि तानूबाईच्या मनाने एकच घोर घेतला: पोर जुन्या पायवाटेने येईल आणि पुढे नुसतं पाणी बघून काय करील?

मग तिने घरातले डबे काढले. पायवाट पाण्यात शिरते तिथे एक, तिथून नजरेला पडेल असा दुसरा, असे थेट नव्या घरापर्यंत ठेवत गेली. पाणी चढलं की डबे वर सरकवायची, उतरलं की खाली. लोक हसत.

"तानू, माशास्नी वाट दावतीस व्हय?"

"दावते. तुला बघवत नसंल तर डोळं मीट," ती म्हणायची.

पहिल्या डब्यात, लेकीला ओळख पटावी म्हणून, तिने खण, नारळ, हळकुंड आणि तांदूळ ठेवले. आईच्या हातची ओटी लेक कुठेही ओळखेल, एवढंच तिच्या मनात. तिथेच घात झाला.

सगुणा आली म्हणे, ऐन उन्हात. हाकेच्या अंतरावर, पलीकडच्या काठाला बयाजी धनगर मेंढरांना पाणी पाजत होता. त्याने पाहिलं, बाईने डबा उघडला, खण उराशी धरला. मग तिने ओटी पदरात घेतली. माहेर भरलेलं राहावं म्हणून, रीतीप्रमाणे त्यातले चार दाणे डब्यात माघारी ठेवले.

बयाजी ओरडला, "बाई, गाव वर हाय! समदी वर हायती!"

"आईनं ओटी भरली, मामा," ती म्हणाली. "वाटंला लावलं मला. आता कोणच्या तोंडानं जाऊ?"

ओटी निघताना भरतात. भरल्या ओटीने लेक पुन्हा उंबरा चढत नाही. आईने बोलावणं ठेवलं होतं, लेकीला ती बोळवण वाटली.

बयाजीने येऊन सांगितलं तेव्हा तानूबाई भाकरी थापत होती. तशीच पिठाच्या हातांनी खाली धावली. वाटेवर कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तिने हरेक डब्यात भाकरीचा तुकडा ठेवला. घरी आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात आणि त्याला आत घेतात. त्याचा दुसरा अर्थ कुणी काढत नाही. मरेपर्यंत ती ते तुकडे बदलत राहिली. जाताना शेजाऱ्यापाजाऱ्यांना एवढंच म्हणाली म्हणे, डबा उघडणारं कुणी का असेना, त्याला तिथनं परत जाऊ देऊ नका.

आजही त्या वाटेवरच्या एकाही डब्यात तांदूळ सापडत नाहीत, आणि वरच्या पहिल्या घराच्या ओसरीवर भरलेली कळशी असते. परवा फोन हातात घेऊन धापा टाकत आलेल्या एका मुलीने त्या घरच्या हिराक्कांना विचारलं, "पण सगुणा शेवटी आली का हो?"

हिराक्कांनी आधी तिच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं.

"आलीबी असंल, पोरी. आमी दारात आलेलीला 'तू कुनाची' म्हून इचारतच न्हाई."