पालथे दगड

मेलेल्या माणसाचं नाव खरवडून कुणाचं पोट भरतं? मुशेघने हे गावातल्या प्रत्येकाला विचारलं होतं, म्हणे.

आर्मेनियातल्या त्या नदीकाठच्या गावात पाहुणे आले, की येरानूही नावाची म्हातारी त्यांना आधी दफनभूमीत नेते. तिथे एकही दगड उभा नाही. सगळे जमिनीवर पालथे, पाठी ओबडधोबड आणि कोऱ्या. पाहुणे वाकून नावं शोधतात. "खाली आहेत," ती म्हणते, आणि नदीपलीकडचा उतार दाखवते. मूळ गाव तिकडे होतं. आता तिकडे जाता येत नाही.

मुशेघ त्या मूळ गावचा. तिघा भावांत धाकटा, डोक्याने तापट, शाळेशी त्याचं कधी जमलं नाही. थोरला हायराबेद उभ्या दगडांवर क्रूस आणि वेलबुट्टी कोरायचा. मधला सेरोब खाणीतून दगड काढायचा. तिथेच त्याच्या डाव्या हाताची करंगळी गेली. "मला आता नऊपर्यंतच मोजता येतं, पुढचं मुशेघला विचारा," असं तो म्हणायचा, आणि मुशेघला तेवढंही येत नाही हे माहीत असल्याने अख्खी ओसरी हसायची.

लढाईत पूल राखताना दोघे एकाच दुपारी मारले गेले. हायराबेदनेच कोरून ठेवलेला एक दगड गावाने दोघांना मिळून उभारला. नावं तेवढी पाद्री तेर ओहान यांनी घातली.

असं सांगतात, की पुढे तह झाला आणि तो उतार जिंकणाऱ्यांच्या वाट्याला गेला. घरं सोडायचा हुकूम आला. लोक अजून गाठोडी बांधत होते, तोवर हातोडे घेऊन माणसं दफनभूमीत शिरली. त्यांच्या मुकादमाने जाहीर केलं, की हे दगड आर्मेनियन नाहीतच. कुणा फार जुन्या, नामशेष झालेल्या लोकांचे आहेत. अक्षरं तुम्ही मागाहून घुसडलीत, ती आता निघतील.

गाव गाठोडी बांधत राहिलं. मुशेघला राहवलं नाही. तो भावांच्या दगडाला पाठ लावून उभा राहिला.

"हा माझ्या भावांचा आहे. नावं आहेत यावर."

"वाचून दाखव," मुकादम म्हणाला.

"वाचता येत नाही. पण आहेत."

मुकादम हसला. "मग इथूनच सुरू करा रे."

चौघांनी मुशेघला धरून ठेवलं. हायराबेदचा क्रूस गेला, वेलबुट्टी गेली, नावं गेली. तळव्याखाली गुळगुळीत लागेपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही. मग दिवस मावळला म्हणून ते जेवायला गेले.

"तोंड आवरलं असतंस, तर या दगडाची पाळी शेवटी आली असती," शुशान आत्या म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती, आणि ते मुशेघच्या काळजात रुतून बसलं.

उजाडताच त्याने द्राक्षं पिळायच्या घाण्याची तुळई खांद्यावर घेतली. एका दगडाच्या पुढची माती उकरली, मागून तुळई घातली आणि दगड तोंडावर पाडला. मग दुसरा.

"अरे मेल्या, आपलेच दगड पाडतोस? त्यांचीच चाकरी करतोस?" आत्या ओरडत आली.

"पाठीवरून काय खरवडणार आहेत ते?"

आत्याने गाठोडं खाली टाकलं आणि फावडं उचललं. पुलापर्यंत गेलेल्या बायका परत फिरल्या. तेर ओहानही झगा खोचून आले. हातोडेवाले कुंपणावर बसून हसत होते, म्हणे. यांनी स्वतःच पाडले, आपले कष्ट वाचले. पुढे त्यांनी त्या पालथ्या दगडांवरूनच रस्ता काढला. येरानूही बोट दाखवते: तिकडे मालट्रक धावतात ना, त्यांच्या चाकांखाली सगळी नावं शाबूत आहेत. चालवणाऱ्यांना ठाऊक नाही.

आजही अलीकडच्या या गावात कुणी गेलं, की नाव कोरून दगड पालथाच घालतात. आणि पालथा घालण्याआधी घरातलं धाकटं माणूस नावाखाली मेलेल्याचा हात कोरतं. अक्षर चुकलं तर चालतं, हात चुकलेला चालत नाही.

पाहुणे विचारतात, हात कशासाठी? येरानूही सांगते, की त्या दिवशी शेवटी भावांचा दगड उरला होता. "राहू दे, त्यावर आता काही नाही," आत्या म्हणाली. तेर ओहान यांनी नावं पुन्हा लिहून देऊ केली. मुशेघने नको म्हणून मान हलवली. हायराबेदची छिन्नी घेऊन तो त्या गुळगुळीत दगडासमोर बसला आणि त्याला येत होतं तेवढंच त्याने कोरलं: दोन उघडे तळवे, शेजारी शेजारी, एक पाच बोटांचा आणि एक चार. मग फुंकर मारून त्याने भुकटी उडवली आणि दगड हळूच, डोक्याखाली हात धरून मूल निजवावं तसा, पालथा घातला.