ठकू माळणीच्या दारातला हंडा

फार वर्षांपूर्वी तांबडगावात घरटी एक तरी गुलाब असे, त्या काळची ही गोष्ट. चैत्रात देवीची पालखी निघे, आणि गावच्या गुलाबांनी मढल्याशिवाय ती जागची उठत नसे, असं म्हणतात.

एका वर्षी पावसाळा सरताना गुलाबांच्या पानांवर काळे ठिपके आले. पानं पिवळी पडून गळू लागली. भगत म्हणाला, झाडांना देवी आल्या. झालं. माणसाला देवी आल्या की जे करत, तेच गावानं झाडांना केलं. पान तोडायचं नाही, कात्री लावायची नाही, आणि थंडावा म्हणून तिन्हीसांजेला कडुलिंबाच्या डहाळीनं पानांवर पाणी शिंपडायचं. पानं रात्रभर ओली राहत आणि ठिपके वाढत जात.

ठकू माळीण तेवढी ऐकेना. एकटी विधवा बाई, परसात गुलाबाची नऊ झाडं. ठिपक्याचं पान दिसलं की ती तोडी, गळलेलं वेची आणि चुलीत घाली. भगतानं पाटलाचे कान भरले, की ही देवीला जाळते. पाटलानं तिला एका शब्दानं विचारलं नाही. तिला वाळीत टाकलं, गावची विहीर बंद केली. एका बाईचं पाणी तोडणारी हीच माणसं रोज पानांवर घागरी रित्या करत होती, हे विसरू नका.

ठकू दीड कोसावरच्या ओढ्यावरून एक घागर आणी. त्यातच पिणं, त्यातच रांधणं. भांडी विसळलेलं पाणी ती करवंटीनं झाडांच्या बुडाशी घाली. पानांवर उडवायला होतंच कुठे? तिची पानं कोरडी राहिली, ठिपके थांबले. चैत्रात गावची झाडं खराट्यासारखी उभी होती, आणि ठकूकडे इतके गुलाब फुलले की तीन गावच्या मधमाश्या तिच्या परसात मुक्कामाला आल्या, असं म्हणतात.

जत्रेला पालखी उठेना. सोळा खांदेकरी घामाघूम झाले. तेव्हा पाटील स्वतः हंडा भरून ठकूच्या दारात आला.

"ठकूबाई, झालं गेलं सोडा. पाणी घ्या, फुलं द्या."

ठकू म्हणाली, "फुलं देवीची आहेत, न्या. फांद्याही न्या, घरोघर लावा. पण पाणी पानावर नाही, बुडाशी घालायचं. तो हंडा तिथंच ओता, पाटील. सहा महिने मी तुमच्या पाण्यावाचून जगले, पुढंही जगेन."

पाटलानं गुडघे टेकून पाणी ओतलं. फुलं चढली आणि पालखी पिसासारखी उचलली गेली. ठकू मात्र मरेपर्यंत ओढ्याचंच पाणी प्याली.

आजही जत्रेच्या सकाळी पाटलाच्या घरचा कर्ता पुरुष तिच्या परसात जातो, ठिपक्याची पानं आपल्या हातानं वेचतो आणि हंडा घेऊन दाराशी उभा राहतो. विचारतो, "ठकूबाई, पाणी घेता का?" उत्तर येत नाही. मग तो गुडघे टेकून हंडा गुलाबाच्या बुडाशी ओततो, आणि त्यानंतरच पालखी हलते.

कुणी म्हणतं, इतक्या पिढ्या झाल्या, आता पुरे. गाव म्हणतं, ठकूबाई हो म्हणू दे, मग पुरे.