मामांनी अंतरपाटाआडून केलेली निवड

गेम खेळायच्या कॉम्प्युटरसाठी साठ हजारांच्या वर एक रुपयाही नाही, असं बाबांनी बजावलं. निवड मात्र दिगंबरमामांची, कारण सांगलीत त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान. मोठ्यांचं बरं असतं, त्यांना न खेळताच सगळं कळतं! शाल्मलीचं मत कुणी विचारलंच नाही.

मामांनी काचेचा, सात रंगांत लुकलुकणारा डबा पुढे केला. शाल्मलीनं त्यांच्याच दुकानातले सुटे भाग निवडून तेवढ्याच पैशांत बसणारं आपलं मशीन जुळवलं. डबा साधा, काळ्या पत्र्याचा. वाचलेले सगळे पैसे तिनं गेम पळवणाऱ्या ग्राफिक्स कार्डावर घातले.

"काळाकुट्ट!" मामांनी नाक मुरडलं. "पोरींना काय कळतं यातलं? माझं बघ, नजर ठरत नाही."

"मामा, तुम्ही मुलगी बघायला आलात की कॉम्प्युटर? मग अंतरपाटच धरू. डबे जाड चादरीआड, तुम्ही फक्त खेळा. तुमचं मशीन ओळखलंत, तर मुकाट्यानं तेच घेते."

एक टोक बाबांनी धरलं, दुसरं शाल्मलीनं. पहिल्या स्क्रीनवर शर्यतीची गाडी धापा टाकत, अडखळत निघाली. दुसऱ्या स्क्रीनवर ती अशी सुसाट सुटली की वळणावर मामाही खुर्चीसकट कलले.

"हेच! हेच माझं!" मामा ओरडले. "पहिलं ते हिचं, दम्याचं पेशंट!"

चादर खाली आली. मामांनी निवडलेला डबा काळा होता.

"अगं, पण दिसायला..."

"मामा, अंतरपाट दूर झाल्यावर रंगावरून कुरकुर चालत नाही. आता अक्षता टाका!"