केरबामामाच्या नऊ जिलब्या

एका गावाच्या वाट्याला जेवढा भोळेपणा यावा, तेवढा सगळा एकट्या केरबाच्या वाट्याला आला होता. कुणी काही सांगितलं, की केरबा म्हणायचा, “बरं, लक्षात ठेवतो.” आणि तो खरंच लक्षात ठेवायचा. घोटाळा तिथूनच सुरू व्हायचा.

केरबाची भाची सानिका लहानपणापासून त्याच्याच घरी वाढलेली. तिचं लग्न चार दिवसांवर आलं. पंगतीला जिलबी ठरली. केरबाचा जिलबीवर फार जीव. पण डॉक्टरीणबाईंनी त्याचं पोट पाहून साखर बंद केली होती. त्याचा चेहरा इतका उतरला, की बायकोनं, हौसानं, तोड काढली.

“तालमीत चालायचं मशीन आलंय. त्यावर चाला. किती कॅलरी जळाल्या ते मशीनच सांगतं. शंभर कॅलरीला एक जिलबी. वर तुकडासुद्धा मिळायचा नाही.”

“बरं, लक्षात ठेवतो.”

मशीनचा पट्टा मागे पळायचा, माणूस पुढे चालायचा, आणि दोघंही तिथंच राहायचे. बापू वस्तादांनी केरबाला वजन विचारलं, बटणं दाबली आणि त्याला चालतं केलं. बऱ्याच वेळानं आकडा आला ऐंशी.

“ऐंशीला किती जिलबी?”

“अजून कढईतच आहे ती,” वस्ताद म्हणाले. “मशीन अंदाज करतं बाबा. किती वेळ चाललास, किती वेगानं चाललास, वजन किती, त्यावरून. वजन जास्त, तर कॅलरी जास्त.”

“बरं, लक्षात ठेवतो.”

दुसऱ्या दिवशी केरबा डोक्यावर ज्वारीचं पोतं घेऊन मशीनवर चढला. पट्टा करकरला आणि बंद पडला. आकडा गेला.

“हे काय?”

“वजन वाढवलंय.”

वस्तादांनी कपाळाला हात लावला. “ओझं दाराबाहेर ठेवायचं, मग आत यायचं.”

“बरं, लक्षात ठेवतो.”

दुपारी थकलेल्या आत्याबाई लग्नासाठी आल्या. एसटी स्टँडवरून केरबानं त्यांना पाठुंगळी आणलं. त्यांना अलगद दाराबाहेर ठेवलं, आत गेला आणि झोपला. संध्याकाळी हौसानं दार उघडलं, तर आत्याबाई पायरीवर. मांडीवर शेळीचं करडू.

“अगंबाई, तुम्ही बाहेर का?”

“मला ठेवलंय,” आत्याबाई म्हणाल्या.

हौसानं केरबाला उठवलं. “अहो, असं मध्येच सोडतात का? हात घट्ट धरायचा, शेवटपर्यंत धरायचा.”

“बरं, लक्षात ठेवतो.”

तिसऱ्या दिवशी केरबानं मशीनचा दांडा असा धरला, की बोटं पांढरी पडली. सगळा भार दांड्यावर, पाय नुसते खाली तरंगत होते. आकडा आला तीनशे दहा. केरबाच्या डोळ्यांसमोर तीन जिलब्या फिरू लागल्या.

वस्ताद म्हणाले, “हा आकडा खोटा. धरून चाललेलं मोजत नाहीत. हात मोकळे सोडायचे.”

तिन्ही जिलब्या परत गेल्या.

“बरं, लक्षात ठेवतो,” केरबा म्हणाला आणि सायकलवर बसला. कुंभारवाड्याचा उतार लागला. खाली लग्नाची मडकी मांडून ठेवलेली.

“अरे केरबा, हँडल धर!” कुंभारीण ओरडली.

“धरलेलं मोजत नाहीत, वहिनी,” केरबा म्हणाला आणि मडक्यांत गेला.

चौथ्या दिवशी लग्न. केरबाच्या नावावर अजून एकही जिलबी नव्हती. तो भल्या पहाटे तालमीत गेला. हात मोकळे, ओझं नाही, सगळं नीट. एकशे नव्वद झाले. आनंद सांगायला तो वस्तादांकडे निघाला, चालत्या पट्ट्यावरूनच. पट्ट्यानं त्याला उचलून आखाड्याच्या मातीत टाकलं. पडता पडता बटणाला हात लागला आणि आकडा पुसला गेला.

वस्ताद त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि लहान पोराला सांगावं तसं म्हणाले, “केरबा, पट्ट्यावर जागा सोडायची नाही. पाय चालले पाहिजेत, पण पुढं जायचं नाही. आणि बटण दाबल्याशिवाय थांबायचं नाही.”

“बरं, लक्षात ठेवतो.”

मुहूर्त जवळ आला. अंतरपाट धरला गेला. भटजींनी हाक मारली, “मामा, मुलीला घेऊन या.”

केरबानं सानिकाचा हात धरला आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. समोर दारापासून मांडवापर्यंत लांबच लांब काळ्या जाजमाची पट्टी अंथरली होती. केरबानं पट्टा ओळखला. तो चालू लागला. तिथल्या तिथं.

“मामा, आपण निघालोय ना?” सानिकानं हळूच विचारलं.

“झपाट्यानं.”

“मग मांडव जवळ का येत नाही?”

“जवळ आला तर पडू, बाळ.”

भटजींनी मंगलाष्टकं लांबवली. मग आणखी लांबवली. येत होती तेवढी सगळी संपली.

“अहो, थांबा की,” हौसा म्हणाली.

“बटण कुठाय?”

मुहूर्त टळायला आला. शेवटी भटजींनी अंतरपाट काखेत मारला, नवरदेवानं आपला पाट उचलला, आणि अख्खा मांडव चालत उंबऱ्याशी आला. तिथंच अक्षता पडल्या. केरबावर जरा जास्तच पडल्या. तो चालतच होता.

“अंदाजानं नऊशे झाल्या,” तो हौसाला म्हणाला. “नऊ जिलब्या काढून ठेव.”

हौसानं त्याच्या हाताकडे पाहिलं. “सगळा वेळ पोरीचा हात धरून होतात. धरून चाललेलं मोजत नाहीत.”

केरबानं विचार केला. खरं होतं. त्यानं हात सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पंगत बसली. सानिकानं आपल्या ताटातली जिलबी आणून त्याच्या तोंडापुढं धरली.

“आधी शंभर होऊ देत,” केरबा म्हणाला.

पंगत उठली. परातीत नुसता पाक उरला. मांडव सुटला, पट्टीसुद्धा गुंडाळून नेली.

संध्याकाळी पाठवणीच्या वेळी सानिका पाया पडायला आली. मामाचे पाय एका जागी सापडेनात. तिनं कसाबसा नमस्कार केला आणि डोळे पुसत म्हणाली, “मामा, निघते मी.”

केरबाचेही डोळे भरून आले. पाय थांबले नाहीत.

“नीघ बाळ, पुढं हो,” तो म्हणाला. “हा काय, मी आलोच तुझ्या मागोमाग.”