कारभाऱ्याची पहिली हाक

फार पूर्वी एका संगणकात जागल्या नावाची फाइल राहत होती. संगणक सुरू झाला की जागल्या आधी कळफलकाला, मग घड्याळाला आणि सर्वांत शेवटी पडद्यावर खिडक्या मांडणाऱ्या कारभाऱ्याला उठवी.

“मी शेवटी? उद्या पहिली हाक मला!” कारभारी गरजला.

“पण कारभारी, तुम्ही एकदा खुर्चीवर बसलात की उठेपर्यंत मला पुढची हाक मारता येत नाही.”

“फार शहाणा झालास!”

जागल्यानं भीत भीत क्रम बदलला. सकाळी कारभारी ऐटीत बसला. कळफलक आणि घड्याळ घोरतच राहिले. कळा दाबूनही अक्षर उमटेना, तेव्हा संगणकाचा मालक वैतागला, “ही फाइलच पुसतो आता!”

कारभारी घाबरला. “अरे, तू गेलास तर मला कोण उठवणार? मार ना हाका!”

“मारतो. तुम्ही तेवढी खुर्ची सोडा.”

कारभारी मुकाट्यानं उठला आणि रांगेच्या शेवटी जाऊन झोपला.